डर्फ, दांडगा आणि मागची भिंत

जपानमध्ये, कोबेला आमचं घर स्टेशनजवळ, सपाटीवर आहे. सरांचं घर वर होतं, डोंगराला पाठ लावून. सर म्हणजे एक निवृत्त स्कॉटिश प्राध्यापक, वय ऐंशीच्या पुढचं. जपानी बायको गेल्यापासून ते एकटेच राहत. जुन्या स्कॉट्स भाषेत धाडसाला, धिटाईला जेवढे म्हणून शब्द होते, ते त्यांनी आयुष्यभर कार्डांवर उतरवले होते. आता हात कापायला लागले होते आणि टाइप करून देणारं कुणीतरी हवं होतं. मी पुण्यात इंग्रजी शिकवायचे, इथे नवऱ्याच्या नोकरीमागे आले. दर गुरुवारी दुपारी मी त्यांच्याकडे बाइतो करू लागले. बाइतो म्हणजे इथली अर्धवेळ नोकरी.

प्रत्येक शब्दाला ते मराठी शब्द विचारायचे. ‘बॉल्ड’ला मी म्हटलं, “धीट.”

“मग हे कौतुक की टीका?”

“वयावर आहे, सर. पाच वर्षांच्या मुलीला धीट म्हटलं की कौतुक. पंचविशीच्या मुलीला म्हटलं की आवाज बदलतो.”

ते खूश झाले. ‘क्रूस’ म्हणजेही धीट, पण त्यात ऐट आणि खुशी मिसळलेली. ‘डर्फ’ मी पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्या कानाला त्यात डर ऐकू आली. अर्थ मात्र उलटा. शूर, राकट, आणि घावाबद्दल वापरला तर निर्दय. बराच विचार करून मी सांगितलं, “दांडगा.” त्यांनी तो शब्द तीनदा म्हणून पाहिला.

कार्डं मागच्या खोलीत असत. खिडकीबाहेर दोन हातांच्या अंतरावर, डोंगर धरून ठेवणारी जुनी दगडी भिंत. मे महिन्यात तिच्यात एक चीर दिसली, माझी करंगळी जाईल एवढी. पुढच्या गुरुवारी अंगठा गेला. त्याच्या पुढच्या गुरुवारी, चार दिवस पाऊस नसताना, भिंतीच्या भोकांतून चहाच्या रंगाचं पाणी येत होतं. टाइप करताना मधूनच बाहेर टक् असा आवाज व्हायचा. वरून खडा पडलेला असायचा.

“सर, हे कुणाला तरी दाखवायला हवं.”

“चाळीस वर्षं ही भिंत अशीच कुरकुरते आहे,” ते म्हणाले. “पुढचं कार्ड घ्या.”

घरी मी मुलीला महापालिकेचं पत्रक वाचून दाखवायला सांगितलं. ती नेहमीप्रमाणे मला जपानीतच उत्तर देत गेली. त्यात दरड कोसळण्याआधीच्या खुणा दिल्या होत्या. गढूळ पाणी, चीर, खडे घरंगळणं, मातीचा उग्र वास. मुलीने वर पाहून विचारलं, “कुणाचं घर आहे?”

जूनमध्ये पावसाने झोड उठवली. तिसऱ्या दिवशी दुपारी फोन किंचाळला. डोंगराकडच्या वस्तीतल्या वृद्धांनी घर सोडावं, अशी सूचना होती. सर फोन उचलेनात. मी छत्री घेऊन वर गेले. ते मागच्या खोलीत शांतपणे चहा पीत बसले होते, आणि खोलीत नुकतं नांगरल्यासारखा वास भरला होता.

“मी कुठेही जाणार नाही,” ते म्हणाले. “तुम्हीच सांगा, एवढे शब्द गोळा करून शेवटी पळून जायचं?”

मला राग आला. तोपर्यंत मी त्यांच्याशी कधी आवाज चढवून बोलले नव्हते. “तुमचे शब्द तुमच्यापाशी राहू द्या. मला भीती वाटतेय. तुम्हाला इथे टाकून मी उतरू शकत नाही. तेव्हा माझ्यासाठी चला.”

त्यांनी कप खाली ठेवला. बूट घालायला त्यांना पाच मिनिटं लागली. तेवढ्या वेळात मी एकदाही मागच्या खिडकीकडे पाहिलं नाही.

निवाऱ्यासाठी उघडलेल्या शाळेच्या जिममध्ये आम्ही चटईवर बसलो. काहीही झालं नाही. दोन दिवसांनी पाऊस थांबला, ते घरी परतले आणि मला फोन आला. “पुढच्या गुरुवारी येऊ नका. मी दमलोय.” आवाज कोरडा होता. मी त्यांना चारचौघांत म्हातारं ठरवलं, हे त्यांना लागलं होतं. मलाही वाटलं, मी उगाच आकांडतांडव केलं.

सोमवारी लख्ख ऊन पडलं होतं. सकाळी सर प्लास्टिकचा कचरा घेऊन खाली कोपऱ्यावर गेले. कावळ्यांनी उचकू नये म्हणून लावलेल्या जाळीखाली पिशवी ठेवत असताना त्यांना पाठीमागे मोठा ट्रक रिकामा केल्यासारखा आवाज आला. वळून पाहिलं तेव्हा मागची खोली नव्हती. पुढचा दरवाजा उभा होता, आणि त्यातून माती हळूहळू रस्त्यावर येत होती.

मी पोचले तेव्हा अग्निशामक दलाच्या माणसांनी त्यांना खुर्चीवर बसवलं होतं. “टाइप करत तुम्ही कुठपर्यंत आला होतात?” सरांनी विचारलं.

“‘के’ अक्षरापर्यंत, सर.”

“म्हणजे बाकीचे गेले,” ते म्हणाले आणि माझा हात घट्ट धरून बसले.

आता ते नागोयाला आपल्या मुलीकडे असतात. उरलेले शब्द आठवतील तसे फोनवर सांगतात. कधीकधी तोच शब्द पुन्हा सांगतात, आणि मी पुन्हा लिहून घेते.

ती भिंत मात्र सरांच्या घरापाशी संपत नाही. शेजारच्या घरामागेही तीच आहे, तशीच चीर पडलेली. तिथे एक तरुण जोडपं राहतं, त्यांना तान्हं बाळ आहे. अनोळखी माणसाच्या दाराची घंटा वाजवणं म्हणजे त्रास देणं, हे मी इथे बारा वर्षांत पुरतं शिकले होते. तरी वाजवली. मोडक्या जपानीत सगळं सांगितलं, मी काढलेले भिंतीचे फोटो दाखवले. त्या बाईने बाळाला खांद्यावर घेऊन ऐकलं, वाकून आभार मानले, “ठीक आहे, पाहणी होणार आहे” म्हणाली आणि दार लावलं.

वॉर्ड ऑफिसमध्येही फोटो दिलेत. त्यांनीही वाकून घेतले. हवामान खात्याने शुक्रवारपासून पाऊस सांगितलाय. उद्या मी पुन्हा वर जाऊन तीच घंटा वाजवणार आहे.