चेहऱ्याच्या जागचं भोक

शिसारी हा शब्द मी सहसा वापरत नाही. तुंबलेल्या मोरीची येते, फ्रीजमध्ये विसरलेल्या डब्याची येते, ती शिसारी. माणसाची मला पहिल्यांदा आली ती इथे टोकियोच्या एदोगावात, आमच्या वस्तीच्या सांस्कृतिक महोत्सवात, आणि तीसुद्धा आपल्याच माणसाची. अजून आठवलं की तोंड कडू होतं.

सुरुवात बाबांपासून करते. बाबा पुण्यात शाळेत चित्रकला शिकवायचे आणि रविवारी कॅम्पातल्या रद्दीवाल्यांकडे जाऊन जुनी ब्रिटिश कॉमिक्स किलोवर घेऊन यायचे. खरखरीत कागद, एखादाच लाल रंग, तोही रेषेबाहेर सांडलेला. गोष्टी काय, तर मास्तर पोराच्या ढुंगणावर चपला हाणतोय, नाहीतर शेवटी बक्षीस म्हणून पोरगं कुस्करलेल्या बटाट्याच्या डोंगरापुढे जिभल्या चाटत बसलंय. आई म्हणायची, घरात झुरळं कमी होती म्हणून ही आणलीत. बाबांना त्या गोष्टींशी घेणंदेणंच नव्हतं. ते भिंग घेऊन रेघ बघायचे. निब कुठे दाबली, ब्रश कुठे सोडला, हे मला मांडीवर बसवून दाखवायचे.

त्या कॉमिक्सचा इतिहासही त्यांनीच सांगितला. पहिल्यांदा मोठ्या लोकांची साप्ताहिकं होती, मंत्र्यांची टर उडवणारी. मग कारखान्यातल्या कामगारांसाठी अर्ध्या पेनीचे स्वस्त अंक आले आणि त्यातून हळूहळू पोरांचे. चित्रकाराला पानावर सही करू देत नसत. मूळ चित्रं छापून झाली की कचऱ्यात, नाहीतर कापाकापी करताना खाली अंथरायला. खप उतरला की साप्ताहिक दुसऱ्या साप्ताहिकात कोंबायचे, आणि मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात छापायचे की मुलांनो, आत आनंदाची बातमी आहे. पोरांना बिचाऱ्यांना वाटायचं, काही फुकट मिळणार. आत कळायचं की आपलं साप्ताहिक मेलं. आमच्या घरी तेव्हापासून कुणी ‘आनंदाची बातमी आहे’ म्हणालं की सगळे सावध व्हायचे.

आणि मग ती दुसरी पानं. खिशात मावणारी युद्धाची पुस्तकं, ज्यात प्रत्येक जपानी सैनिक म्हणजे जाड चष्मा आणि फावड्याएवढे दात. आणि एक चित्रमालिका, जिच्यात एक पगडीवाला हिंदी नोकर होता. सुटलेलं पोट, लोंबणारे ओठ, सदा हात जोडून वाकलेला. दर आठवड्याला काहीतरी घोळ घालायचा आणि शेवटच्या चौकटीत साहेबाचा बूट त्याच्या पार्श्वभागावर. एवढाच विनोद, वर्षानुवर्षं. बाबांनी ती पानं माझ्यापासून कधी लपवली नाहीत. समोर ठेवून म्हणायचे, “हात बघ किती चांगला, आणि नजर बघ किती घाण. दोन्ही एकदम बघायला शीक.”

बाबा गेले तेव्हा आईला ती रद्दी घालवायची होती. मी एक बॅग भरून इकडे घेऊन आले. नवरा तोयोसुला आयटीत, मी घरून भाषांतरं करते, आणि मुलगी अकरा वर्षांची, इथल्याच जपानी शाळेत. ती दिवसभर चित्रं काढते. वर्गातल्या सगळ्याच मुली मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, काढतात, पण त्यांच्या नायिका गोऱ्यापान, डोळे बशीएवढे. माझ्या पोरीची नायिका म्हणजे ती स्वतः. सावळी, जाड वेणी, भुवया जुळलेल्या, सायकलवरून चोर पकडणारी. वर्गात तिच्यासारखी दिसणारी ती एकटीच, तरी पानभर स्वतःला काढायची. मी त्या चित्रांना जीव लावला होता. एक दिवस हीसुद्धा बाकीच्यांसारखी गोरी बाहुली काढायला लागेल, अशी मला सतत धास्ती असायची, आणि म्हणून आजोबांची निब मी तिच्याच हातात दिली होती.

दर वर्षी महोत्सवात आमच्या मराठी मंडळाला एक टेबल मिळतं. मेंदी, साडी नेसवणं आणि बटाटेवडे. या वर्षी अध्यक्षांच्या डोक्यात आलं की जपान म्हणजे मांगा, तर आपणही कॉमिक्स दाखवू. अध्यक्ष इथे वीस-बावीस वर्षं आहेत, आणि नवऱ्याच्या ऑफिसात त्याच्याहून दोन पायऱ्या वर. कचऱ्यात टाकायच्या बाटलीचं लेबल कसं सोलायचं इथपासून लिफ्टमध्ये कुठे उभं राहायचं इथपर्यंत सगळं ते नवीन आलेल्यांना शिकवतात. त्यांनी फोनवर सांगितलं, वहिनी, आनंदाची बातमी आहे, तुमच्या वडिलांच्या कलेक्शनचं प्रदर्शन करायचं. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

मी मन लावून फलक केले. सगळा इतिहास जपानीत लिहिला, आणि फावड्या दातांचे जपानी आणि लाथ खाणारा हिंदी शेजारीशेजारी लावले. खाली बाबांचं वाक्य. मीटिंग फॅमिली रेस्टॉरंटमध्ये झाली. अध्यक्षांनी फलक बघितले आणि चेहरा पाडला. त्यांचं म्हणणं, वॉर्डाचे अधिकारी येणार, म्हातारी माणसं येणार, जपान्यांची अशी चित्रं लावली तर मंडळाचं नाव खराब होईल. मी म्हटलं, मग दोन्ही काढा, किंवा दोन्ही ठेवा. ते हसले. आपल्याचं काय हो, आपण कॉन्फिडंट लोक आहोत, आपल्याला चालतं, असं म्हणाले. वर ‘त्यातलं जरा फनी असलेलं’ एक चित्र मोठ्या साइजमध्ये पाठवायला सांगितलं, सजावटीला. मी ढेकर देणाऱ्या मुलांचं एक पाठवलं. बाकीच्या फाइली मंडळाच्या फोल्डरमध्ये होत्याच.

आता इथली एक गोष्ट सांगायला हवी. जपानात कुठल्याही किल्ल्यावर, स्टेशनावर जा, एक रंगवलेला फळा उभा असतो आणि चेहऱ्याच्या जागी भोक. मागून तोंड घालायचं आणि फोटो काढायचा. माझ्या मुलीला याचं वेड. ती सामुराई झालीये, भोपळा झालीये, नागोयाला तर तळलेली कोळंबी झालीये. फोन भरलाय त्या फोटोंनी. भोक दिसलं की ही पळत जाऊन तोंड घालणार.

महोत्सवाच्या सकाळी नवरा आणि मुलगी पुढे गेले. मी माहितीपत्रकं छापून घ्यायला कोंबिनीत, म्हणजे इथल्या चोवीस तास उघड्या दुकानात, थांबले. मशीनमधला कागद अडकला, त्यात वेळ गेला. हॉलमध्ये शिरले तर आमच्या टेबलाशी ही गर्दी. पहिल्यांदा माझे फलक दिसले. प्रत्येक जपानी सैनिकाच्या तोंडावर फिकट गुलाबी चिकटचिठ्ठी, कात्रीने मापात कापून, कडा सरळ. खाली माझा मजकूर तसाच, की हे दात बघा, हा चष्मा बघा. वर नुसते गुलाबी चौकोन. एक आजी चिठ्ठीचं टोक हळूच उचलून आत बघत होत्या. त्यांनी बघितलं, चिठ्ठी अंगठ्याने परत नीट बसवली आणि पुढे सरकल्या.

पुढे तो फळा होता. माणसाएवढा. अध्यक्षांनी स्वतः प्रिंट काढून पुठ्ठ्यावर चिकटवला होता. सुटलेलं पोट, पगडी, जोडलेले हात, मागून येणारा साहेबाचा बूट. चेहऱ्याच्या जागी भोक, आणि भोकात माझी मुलगी. अध्यक्षांनीच तिला बोलावलं होतं, पहिला मान खऱ्या इंडियनचा म्हणून. ती हसत होती, जशी कोळंबीत हसली होती तशीच. फळ्याच्या कडेवरून दोन बोटं बाहेर काढलेली. समोर सगळ्यांचे फोन वर. तिच्या वर्गातल्या दोन मुली तोंडावर हात घेऊन खिदळत होत्या. माझा नवरासुद्धा फोन धरून उभा होता. त्याला चित्रात बूट दिसला की नाही, देव जाणे.

शी. मला खरोखर ओकारी आली. त्या मेलेल्या ब्रिटिश चित्रकाराची नाही. त्याला आठवड्याला पान भरायचं होतं, त्याने आम्हाला कधी पाहिलंही नव्हतं. ओकारी आली ती त्या कापलेल्या भोकाची. कुणीतरी घरी बसून, गोल मापून, कटरने, कड खरखरीत राहू नये म्हणून वर टेप लावून ते भोक कापलं होतं. केवढी ती काळजी. पोरांचे गाल खरचटू नयेत म्हणून.

मी पोरीला बाहेर ओढलं आणि फळा भिंतीकडे तोंड करून उलटा लावला. अध्यक्ष जवळ आले. चेहऱ्यावर हसू तसंच ठेवून खालच्या आवाजात म्हणाले, “वहिनी, सीन करू नका. जपानी लोक बघतायत.”

“तुम्हाला तेवढंच दिसतं,” मी म्हटलं. “त्यांचे कागदावरचे दात झाकलेत तुम्ही. आणि माझी जिवंत पोरगी बुटापुढे दिलीत.”

त्यांना काही म्हणजे काही कळलं नाही. तेच मला सहन होत नाही. दुष्ट माणूस असता तर भांडून मोकळी झाले असते. हे आपले गोंधळून बघत होते. म्हणाले, मुलीला तर मजा येत होती, विचारा ना तिला. मुलगी उलट्या फळ्याकडे बघत होती. मग तिने गुलाबी चिठ्ठ्यांकडे बघितलं. आईच्या आवाजावरून तिला काहीतरी कळत होतं. तिने जपानीतच विचारलं, या फळ्यावरच्या माणसावर चिठ्ठी का नाही लावली? अध्यक्ष वडे गार होतायत असं म्हणून तिकडे गेले.

मी माझे फलक उतरवले आणि निघाले. ट्रेनमध्ये नवरा म्हणाला की चुकलंच त्यांचं, पण उद्या मला त्यांच्याच फ्लोअरवर बसायचंय, तू फार ताणू नकोस. फोटो तोवर मंडळाच्या ग्रुपवर गेला होता. टाळ्या, हृदयं, सो क्यूट. मी काढायला लावला. अध्यक्षांनी काढला आणि खाली लिहिलं की काही सदस्यांचा गैरसमज झाल्याने फोटो हटवत आहोत, सर्वांच्या सहकार्याबद्दल आभार. खाली पुन्हा टाळ्या.

मुलीला मी सगळं समजावलं. तो नोकर कोण, बूट कुणाचा, आजोबा काय म्हणायचे. तिने ऐकून घेतलं, शाळेत त्या दोघी काही बोलल्या का, ते मात्र सांगितलं नाही. तिचं चित्र काढणं थांबलं नाही, म्हणून मी मनात सुस्कारा सोडला. निब चालू होती, शाईची बाटली उघडी होती.

परवा कपड्यांच्या घड्या करता करता तिच्या टेबलाशी थांबले. सायकल तीच, जाड वेणी तीच, चोर पळतोय, सुंदर रेघ, बाबांनी मान डोलावली असती अशी. प्रत्येक चौकटीत चेहऱ्याच्या जागी कोरा गोल. मला वाटलं, शाई वाळायची वाट बघतेय. विचारलं, चेहरा कधी काढणार?

“ते भोक आहे,” ती मराठीत म्हणाली, मान वर न करता. “कुणालाही तोंड घालू दे. मी नाही घालणार.”