आधी गहू, मग पोर

आमच्या आक्काच्या मांडीवर एका वेळी तीन पोरं मावत. पिंपरीहून काळेवाडीला जाणाऱ्या शेअर रिक्षात ती चढली की तिच्याबरोबरची पोरं सीटवर बसतच नसत. एक डाव्या गुडघ्यावर, एक उजव्या, आणि सगळ्यात धाकटं पोटाशी. मध्येच एखादी अनोळखी बाई कडेवर लेकरू घेऊन रिक्षाला हात करायची. मग आक्का जरा मागे सरकायची आणि त्या लेकराला म्हणायची, "या पाव्हणं, जागा हाय."

आक्का म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. माझी आई गेली तेव्हा मी पाचवीत होतो आणि माझी बहीण वैशाली नुकती रांगायला लागली होती. वडिलांना कंपनीत तिन्ही शिफ्ट. आक्का मावळातल्या आमच्या गावाहून "पंधरा दिस ऱ्हाऊन जाते" म्हणत संत तुकाराम नगरच्या घरी आली आणि पुढचं सगळं आयुष्य तिथेच राहिली. तिचा नवरा लवकर वारला होता, मूलबाळ नव्हतं. पण तिला कुणी "तुम्हाला मुलं किती?" असं विचारलं, तर ती कॉलनीकडे हात करून म्हणायची, "मोजा."

मी स्वभावाने अपराधी माणूस आहे. लिफ्टमध्ये कुणी माझ्या पायावर पाय दिला तर सॉरी मीच म्हणतो. आक्काने आमच्यासाठी गाव सोडलं, याची बोच तर मला कळायला लागल्यापासून होती. तिने गरम भाकरी वाढली, पाण्याचा हंडा उचलला, माझ्या शर्टाचं बटण लावलं, की मी म्हणायचो, "आक्का, माझ्यामुळे तुला किती त्रास." तिचं उत्तर ठरलेलं. "उघडलंस का माफीचं दुकान? गिऱ्हाईक न्हाई आलेलं. बंद कर." लग्नानंतर शीतलने, म्हणजे माझ्या बायकोने, हे वाक्य लगेच उचललं. घरात दोन बायका आणि माझं दुकान रोज दोनदा बंद व्हायचं.

आक्काची दुसरी ओळख म्हणजे पाळणा. आमच्याकडे नवा पाळणा सहसा कुणी विकत आणत नाही. ज्या पाळण्यात चार पोरं धडधाकट वाढली, तोच मागून आणतात. कॉलनीतला असा निळ्या रंगाचा लाकडी पाळणा आक्काच्या ताब्यात होता. कुणाकडे बाळ झालं की तो त्या घरी जायचा, पण एकटा नाही. आक्का स्वतः जायची, कडी तपासायची, दोर ओढून बघायची, आणि मग बाळाच्या आजीला फर्मान सोडायची, "गव्हाची पिशवी आणा." बाळापेक्षा चांगली दुप्पट-तिप्पट वजनाची पिशवी पाळण्यात ठेवून ती दणादण झोके द्यायची. घरचे म्हणायचे, "अहो आक्का, कशाला? मजबूत आहे." ती म्हणायची, "आधी गहू, मग पोर." एकदा एका घरात खरंच छताची कडी गिलाव्यासकट खाली आली. पाळणा आडवा, गहू घरभर, बाळाची आई किंचाळली. आक्का शांतपणे खाली बसली आणि म्हणाली, "रडू नगं. गहू येचता येत्यात."

पुढे वैशाली शिकली, लग्न करून जर्मनीला गेली आणि तिथे तिला मुलगा झाला. तिने फोनवर एकच सांगितलं, नामकरणाला आक्का आली नाही तर नाव ठेवणार नाही. आक्काचा पासपोर्ट निघाला, व्हिसा झाला. मी, शीतल, आमची दोन वर्षांची मिनू आणि आक्का असे चौघे निघणार होतो. वैशालीचं गाव विमानतळापासून दूर होतं आणि एवढं सामान, एवढं लहान मूल घेऊन दोन-दोन रेल्वे बदलणं जमणार नव्हतं. म्हणून विमानतळावरूनच भाड्याची गाडी घ्यायचं ठरलं.

इथे अडचण आली. तिकडे लहान मुलाला गाडीत त्याच्या मापाच्या खुर्चीतच बांधून बसवावं लागतं. आमच्याकडे तसली खुर्ची नव्हती, कारण मिनूची खुर्ची आक्काची मांडी होती. आमच्या स्वतःच्या गाडीतही तिथेच तिची जागा. मी चाकणला एका कंपनीत ब्रेकचे भाग तपासायचं काम करतो. गाडी अचानक थांबली की आतल्या वस्तूचं काय होतं, हे मला माझ्या नावाइतकं ठाऊक. मागे आक्काशेजारी बसलेली शीतल आरशातून मला खुणावायची, बोल ना. मी काचेबाहेर बघायचो. ज्या मांडीवर मी वाढलो, त्या मांडीला "तू पुरेशी नाहीस" असं कसं सांगायचं?

परदेशाचं निमित्त झालं म्हणून निदान खुर्चीचा विषय तरी निघाला. "तिकडचा कायदाच आहे," मी म्हणालो. म्हणजे दोष माझा नाही, कायद्याचा.

"कायदा हाय तर हाय," आक्का म्हणाली. "पर नवी घ्यायची न्हाई. पोरं वाढलेली बग."

तळवड्याच्या आयटी पार्कात काम करणारा माझा एक शाळासोबती अमेरिकेत राहून आला होता. त्याच्या माळ्यावर कार सीट होती. आक्का माझ्याबरोबर आली आणि तिने त्याची पोलीस चौकशी केली.

"ह्यात किती पोरं बसली?"

"दोन, आक्का. दोन्ही माझीच."

"गाडी कुटं आपटली का? ठोकर? खरं सांग."

"नाही हो. नखालाही धक्का नाही."

"मग हीच," आक्का म्हणाली. तिथल्या तिथे त्याच्या घरातली गव्हाची पिशवी तीत बसवली, पट्टे आवळले आणि खुर्ची उलटी करून हलवली. पिशवी पडली नाही. मी समाधानाने भाड्याच्या गाडीचं बुकिंग केलं आणि 'चाइल्ड सीट हवी आहे का' या प्रश्नापुढे 'नाही' असं लिहिलं.

जर्मनीच्या विमानतळावर गाडीच्या काउंटरवर एक मिशीवाला तरुण होता. आक्काने त्याला हात जोडून "जय भीम" केला. त्यानेही हात जोडले. मग त्याने आमची खुर्ची बघितली, उलटी केली, पुन्हा बघितली आणि मान हलवली. अमेरिकेत चालणारी खुर्ची युरोपात चालत नव्हती. तिकडच्या मान्यतेचं लेबल तिच्यावर असायला हवं, आणि ते नव्हतं. पोरं कितीही सुखरूप वाढलेली असोत.

"काय म्हणतोय?" आक्काने विचारलं.

"ही खुर्ची इथे चालत नाही."

"मग मांडी हाय की."

मी त्या तरुणाकडे बघितलं. खरं सांगायचं तर विचारावं असं माझ्याही मनात आलं, एका तासाचा तर रस्ता आहे. शीतलने माझा चेहरा वाचला. "विचारूसुद्धा नकोस," ती मराठीत म्हणाली, आणि तो तरुण मराठी येत असल्यासारखा हसला. त्याच्याकडच्या मिनूच्या मापाच्या सगळ्या खुर्च्या आधी सांगून ठेवणाऱ्यांनी नेल्या होत्या. त्याने दुसऱ्या शाखेला फोन लावला. खुर्ची येणार होती, थांबावं लागणार होतं. आक्का बाकावर मिनूला मांडीवर घेऊन बसली. तोंड भिंतीकडे.

खुर्ची आली. बसवून मात्र तो देईना. त्यांना तशी परवानगी नसते, आईबापांनीच बसवायची, तो फक्त पुस्तिका हातात देणार. मी एक गुडघा खुर्चीत रोवून सगळं वजन टाकलं, शीतलने पट्टा ओढला, खुर्ची बूड धरून हलवली तर बोटभर डुगडुगत होती. पुन्हा सोडली, पुन्हा आवळली. दोघं घामाघूम. अखेर ती घट्ट बसली. मिनूला उचलायला मी वळलो, तर आक्का उठून आली.

"थांब. आधी गहू."

"आक्का, इथे गहू कुठून आणू?"

तिने तिची पिशवी पुढे केली. वैशालीसाठी डिंकाचे लाडू, मसाला, बाजरीचं पीठ. वजनाला मिनूपेक्षा थोडी कमीच. "आधी माज्या मांडीवर. मी धरते. तू चालव आन् दाब ब्रेक. मग खुर्चीत ठिव. कोण सोडतंय बगू."

ही पैज होती. तिच्या चेहऱ्यावर मला दिसलं की ती जिंकायला निघाली आहे. मी शीतलकडे बघितलं. ती मिनूला कडेवर घेऊन बाजूला झाली आणि फक्त म्हणाली, "कर."

पार्किंगचा लांबचा कोपरा मोकळा होता. आक्का मागे बसली, स्वतःचा पट्टा लावला, पिशवीला दोन्ही हातांची मिठी घातली. मी सायकलपेक्षा जरा जास्त वेगात गाडी नेली, "धर हं आक्का," म्हणालो आणि ब्रेक दाबला.

पिशवी तिच्या हातांतून अशी निघाली, जशी कुणी मागून खेचली. माझ्या सीटच्या पाठीवर आदळली, डबा उघडला आणि डिंकाचे लाडू गाडीभर घरंगळले. एक माझ्या पायाशी आला.

आक्काने उघडा डबा पिशवीत टाकला. मग ती म्हणाली, "आता खुर्चीत." उरलेली पिशवी खुर्चीत बांधली. तोच वेग, तोच ब्रेक. पिशवी जागची हलली नाही.

आक्काने स्वतःचे दोन्ही तळवे उलटेसुलटे करून बघितले. ज्या हातांनी तिने अख्खी कॉलनी रिक्षातून फिरवली, ते हात. "म्हंजे इतकी वरसं," ती हळूच म्हणाली, "समद्या डायवरांनीच मला सांबाळलं म्हण की."

"आक्का, मला माहीत होतं गं. कामच आहे माझं. तुला वाईट वाटेल म्हणून मी कधी..."

"व्हय, वाटलं वाईट," ती म्हणाली. "मग? लाडू येचता येत्यात. दुकान बंद कर आन् पोरीला आण."

काउंटरवरचा तरुण बाहेर येऊन हे सगळं बघत होता. मिनूला बसवताना त्याने तिच्या जाड जाकिटाकडे बोट दाखवलं. जाकीट काढून पट्टे बांधायचे, नाहीतर जाकीट दबतं आणि पट्टा सैल राहतो. "गारठंल की पोर!" आक्का कडाडली. मग तिनेच तोड काढली. आधी पट्टे, वरून तिची शाल. तरुणाने अंगठा उंचावला. आक्काने त्याला खाली पडलेल्यातला बरा लाडू पुसून दिला. त्याने तो खाल्ला, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

गाडी निघाली आणि मिनूने मांडीसाठी भोकाड पसरलं. तिचे दोन्ही हात आक्काकडे. आरशात मला आक्का दिसत होती. दोनदा तिचे हात त्या पट्ट्याच्या कुलपाकडे गेले आणि परत आले. मग तिने पदराचं टोक काढून मिनूच्या मुठीत दिलं. मिनूने ते घट्ट धरलं, गालाशी नेलं आणि काही वेळात झोपली. पदर ओढला जाऊ नये म्हणून आक्का वैशालीच्या दारापर्यंत एका कुशीला वाकून बसली. उतरताना तिची मान सरळ होईना. "मान ग्येली," ती म्हणाली, "पर पोर उठली न्हाई."

नामकरण झालं. त्याआधी वैशालीच्या बाळाच्या जर्मन पाळण्यात बटाट्यांची पिशवी झुलली, हे सांगायला नको. परत निघताना आम्ही आक्काला विचारलं, काय घ्यायचं? अत्तर, चॉकलेट, स्वेटर? तिने खुर्ची मागितली, तान्ह्या बाळापासून मिनूएवढ्या पोरापर्यंत चालेल अशी.

"नवी?" मी विचारलं. "पोरं न वाढलेली?"

"वाढतील की," ती म्हणाली. "कुणीतरी पयलं बसाय लागतंच."

ती खुर्ची विमानातून संत तुकाराम नगरात आली. मिनूची वापरून झाल्यावर ती निळ्या पाळण्यासारखी घरोघर जायला लागली. कुणी लेकरू घेऊन गावाला निघालं, कुणाची लेक बाळंतपण उरकून सासरी चालली, की आक्का खुर्ची घेऊन हजर. परत आली की तीच चौकशी: "गाडी कुटं आपटली का? आपटली आसंल तर सांग. मी बोलणार न्हाई, पर खुर्ची मोडून टाकणार. दणका खाल्लेल्या खुर्चीचा भरवसा न्हाई." रिक्षात मात्र ती शेवटपर्यंत मांडीवरच पोरं घ्यायची, कारण तिथे खुर्ची बांधायची सोय नाही. फक्त आता बसताक्षणी रिक्षावाल्याच्या खांद्यावर टपली मारायची. "भावा, हळू. समदं तुज्याच हातात हाय."

गेल्या वर्षी आक्का गेली. दुपारी जेवून पडली ती उठली नाही. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला एवढी माणसं आली की खुर्च्या कमी पडल्या. टक्कल पडलेले, पोट सुटलेले, कुणी पोलिसात, कुणी बँकेत, आणि सगळे कधी ना कधी गव्हाच्या पिशवीनंतर त्या पाळण्यात झोपलेले. मी बोलायला उभा राहिलो. आक्काने आमच्यासाठी गाव सोडलं, इथपर्यंत आलो आणि थांबलो. पुढचं वाक्य माफीचं होतं. ते मी गिळलं आणि खाली बसलो.

परवा खालच्या मजल्यावरचा नवा शेजारी खुर्ची मागायला आला. लातूरकडची माणसं, बाळ घेऊन पहिल्यांदाच गावी निघालेली, गाडी सुरू करून ठेवलेली. मी खुर्ची काढली, त्याच्या गाडीत गुडघा रोवून बसवली. तो बाळाला उचलणार, तेवढ्यात आता चौथीत असलेली आमची मिनू दोन्ही हातांनी गव्हाची पिशवी ओढत जिना उतरली.

"थांबा काका. आधी गहू."

शेजारी माझ्याकडे बघायला लागला. त्याला उशीर होत होता. "माफ करा हं," मी म्हणायला तोंड उघडलं, "आमच्याकडे जरा अशी..."

"बाबा," पिशवीला पट्टा लावता लावता मिनू म्हणाली, "दुकान बंद."