सिनेमातला टकला सल्लागार

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बाबांना तर नाहीच, आणि ज्यांच्याबरोबर सिनेमा केला त्या चौघांनाही नाही. मग तुम्हाला का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा — नको, कारणं द्यायला लागले तर पुन्हा तेच होईल. कारणं पुरवणं हाच माझा धंदा होता.

सिनेमापासून सुरू करते. चेन्नईत आम्ही पाच जणांनी मिळून एक विनोदी सिनेमा केला — कंपन्या आपली पापं कशी धुऊन घेतात, सरकारी अधिकाऱ्यांच्या कानाशी कशा लागतात, यावर. पटकथा माझी, तमिळ संवाद मित्रांचे. त्यात एक टकला सल्लागार आहे. कारखान्यातल्या बायकांना लघवीला जायला टोकन घ्यावं लागतं, चाळीस जणींत दोन टोकनं. आणि हा गृहस्थ मोठ्या हॉटेलात अधिकाऱ्यांसमोर भाषण ठोकतो, की टोकनामुळे स्त्रियांच्या शरीराला शिस्त लागते. लोक हसून लोळतात. पुढे बायका गेटसमोर बसतात, तेव्हा तो पायांना मालिश करून घेता घेता कामगारांच्या नावानं एक खोटं पत्रक लिहितो. गरिबी दिसावी म्हणून कागदाला वड्याचं तेल फासतो. तिथं तर टाळ्या पडतात.

प्रत्येक खेळानंतर कुणीतरी विचारतंच — हे सुचलं कसं? मी सांगते, खूप अभ्यास केला.

अभ्यास!

माझे बाबा इचलकरंजीत यंत्रमागावर होते आणि संघटनेची पत्रकं लिहायचे. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. न वाटलेल्या पत्रकांच्या गठ्ठ्यावर बसून जेवलेय. बाबा सांगायचे, वाचणारा जिथं उभा आहे ती जागा पहिल्या ओळीत आली पाहिजे. एक तरी तक्रार अशी हवी की तो म्हणेल, हा आपल्यातलाच. आणि पुरावा नसेल तर आरोप करू नये, प्रश्न विचारावा. प्रश्न माणूस घरी घेऊन जातो. तेव्हा मी इथं प्रश्न विचारते, ते जरा जपूनच वाचा.

कॉलेजात मी मालकांविरुद्ध आग ओकत होते. मग चेन्नईत, एग्मोर भागातल्या, कंपन्यांची प्रतिमा सांभाळणाऱ्या एका कचेरीत नोकरीला लागले. मैत्रिणींना म्हटलं, शत्रू आतून बघायचाय. खरं कारण वेगळं होतं — मुलाखतीत साहेब म्हणाले होते, तुझ्यासारखं लिहिणारं इथं कुणी नाही. एवढंच. एवढ्यावर गेले मी.

शहराबाहेर, श्रीपेरुंबुदूरकडचा एक इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा कारखाना आमचं गिऱ्हाईक होता. तिथं टोकनं होती. चाळीस जणींत दोन. सिनेमातलं ते भाषणही मीच लिहिलेलं, तिथल्या एका बड्या माणसासाठी. पटकथेत घेताना एक शब्द बदलावा लागला नाही. त्यानं ते वाचलं तेव्हा मात्र कुणी हसलं नव्हतं.

मग खरोखरच बायका गेटसमोर बसल्या. त्यांच्या वतीनं बोलायची सेल्वी, तेवीस वर्षांची. कचेरीनं मला तिथं काय चाललंय ते बघायला पाठवलं होतं. तिनं मला पत्रकार समजून आपल्या बाटलीतलं ताक दिलं — केवढं ऊन होतं. मी पत्रकार नाही, हे सांगितलं नाही. ताक प्यायले.

तिसऱ्या दिवशी कचेरीत बैठक झाली. कुणी म्हणालं जाहिरात द्या, कुणी म्हणालं एखाद्या नटीला कारखान्यात फिरवा. मला कुणी काही विचारलं नव्हतं. हे नीट वाचा — कुणीही मला विचारलं नव्हतं. मीच म्हणाले, जाहिरात कोण वाचतंय? पत्रक काढा. त्यांच्यातल्याच एकीनं लिहिल्यासारखं.

आणि लिहिलं. मराठीतच लिहिलं, बाबांच्या पद्धतीनं. सुरुवात केली पहाटे कंपनीच्या बससाठी रांगेत उभ्या असलेल्या बायांपासून. मग हॉस्टेलचं पाणचट सांबार, बंद पडलेले पंखे — सगळं खरं. आणि मग एक ओळ: "सेल्वीला सुपरवायझरची जागा कबूल झाली म्हणतात, ती आपल्याला सांगणार आहे का?" खाली सही — तुमच्यातलीच एक.

असं काही कबूल झालेलं नव्हतं. मी ते टेबलाशी बसून, पाचेक मिनिटांत रचलं.

तमिळ करायला सुंदरराव होते. तंजावरचे मराठी, साठीचे, कचेरीत माझ्याशी मराठी बोलणारं एकमेव माणूस. त्यांनी वाचलं, चष्मा काढून ठेवला.

"अम्मा, हे कोण लिहिलं?"

"मीच."

"बाहेरच्याला असं लिहायला येत नाही हो. घरातलंच कोणी पाहिजे."

आणि मला — कसं सांगू — बरं वाटलं. कौतुक वाटलं मला ते. त्यांनी मान खाली घालून तमिळ केलं आणि त्या दिवसापासून माझ्याशी फक्त इंग्रजीत बोलले.

पत्रकं पहाटे बसमध्ये वाटली गेली. दुसऱ्या संध्याकाळी गेट मोकळं झालं. सेल्वीच्या खोलीत तिच्याच गावची महालक्ष्मी राहायची. दोघी एका शाळेतल्या, एका दिवशी नोकरीला लागलेल्या. महालक्ष्मीनं आपली गादी गुंडाळली आणि दुसऱ्या खोलीत नेली. आठवड्याभरात सेल्वीनं नोकरी सोडली. आता ती एका दुकानात गिऱ्हाइकांनी उलगडलेल्या साड्यांच्या घड्या घालते. टोकनं अजून आहेत.

हे सगळं मला कसं माहीत? पुढे सेल्वीनंच सांगितलं.

काही महिन्यांनी मीही नोकरी सोडली. मन खात होतं म्हणून, असं सगळ्यांना सांगितलं आणि सगळ्यांनी शाबासकी दिली. मग सिनेमा. पत्रक लिहिणाऱ्याला मी पुरुष केला, पन्नाशीचा केला, टकला केला, मालिश करून घेणारा केला. माझ्यापासून जितका लांब नेता येईल तितका नेला. एक खेळ कामगारांसाठी ठेवला होता. कुणीतरी सेल्वीलाही बोलावून आणलं.

पत्रकाच्या प्रसंगाला सगळा हॉल हसला. ती हसली नाही. दिवे लागल्यावर गर्दीतून वाट काढत आली, माझे दोन्ही हात धरले. मोडकंतोडकं का होईना, मला तमिळ समजतं.

"अक्का, असाच कुणीतरी होता ना? तुम्हाला ठाऊकच असणार, नाहीतर इतकं बरोबर कसं लिहिलं असतं? मला भांडायचं नाही त्याच्याशी. नुसतं नाव सांगा. महालक्ष्मीला सांगायचंय."

तिच्या हातांना नव्या साड्यांच्या खळीचा वास होता. मी म्हणाले, "माहीत नाही गं. शोधते."

शोधते! जीभ कशी अडखळली नाही माझी?

तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी तिचा निरोप येतो. आधी जेवलात का, मग सिनेमा कसा चाललाय, मग शेवटी — नाव मिळालं का, अक्का? मी दर वेळी तेच उत्तर पाठवते. फोन हातात घेते, नंबर समोर असतो, आणि बोटं त्याच दोन शब्दांकडे जातात: अजून शोधतेय. मला वाटायचं, मी भित्री असणं शक्यच नाही. माझ्या बाबांनी पोलिसांच्या गाडीत बसूनही पत्रकं वाटली होती.

सोमवारी पुन्हा निरोप आला. महालक्ष्मीचं लग्न ठरलंय, येत्या रविवारी. गावातली सगळी पोरं जाणार आहेत. सेल्वीला पत्रिका नाही. तरी तिनं महालक्ष्मीसाठी एक साडी बाजूला काढून ठेवलीय, कुंकवाच्या रंगाची. रविवारच्या आत नाव कळलं तर बरं होईल, असं म्हणाली. तक्रारीच्या सुरात नाही. बस किती वाजता सुटते ते विचारावं, तसं.

आज गुरुवार आहे. एक फोन पुरला असता. त्याऐवजी मी हे लिहीत बसले, आणि मराठीत लिहिलं. सेल्वीला मराठी वाचता येत नाही. महालक्ष्मीलाही येत नाही. हे मला पहिली ओळ लिहिण्याआधीच माहीत होतं.