काळ्या कोटापुढची कंबरमोडी

विनूमामा गेल्याचं मला एका फुलाने कळवलं. मी मीटिंगमध्ये होते, फोन उलटा ठेवला होता. सरळ केला तर त्यांच्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर काळ्याभोर पार्श्वभूमीवर एक पिवळं-पांढरं फूल, खाली जोडलेले हात आणि इंग्रजीत दोन ओळी : आपल्या इमारतीतले निसर्गप्रेमी ज्येष्ठ रहिवासी आज पहाटे झोपेतच गेले. मामांना ग्रुपबिप नको होता, म्हणून त्यांच्या जागी मीच त्या ग्रुपवर होते. पाठवणारे होते सेक्रेटरी. आईचा फोन त्यानंतर आला... मला रडू यायच्या आधी राग आला, आणि महिना होत आला तरी तो गेलेला नाही. कारण ते फूल कंबरमोडीचं होतं, त्याच इमारतीच्या मागच्या मातीत उगवलेलं. आणि ती माती याच सेक्रेटरींनी सिमेंटखाली घालवली होती.

विनूमामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. आजोबा हैदराबादच्या कोर्टात वकील होते, मामा नामपल्लीच्या एका सरकारी कचेरीत आयुष्यभर टंकलेखन करून निवृत्त झाले. लग्न केलं नाही. नल्लकुंट्यात दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत एकटे राहायचे. त्यांच्याकडे कुणी फारसं जात नसे, आणि त्याचं कारण साधं होतं : ते पंखा लावू देत नसत. हैदराबादच्या एप्रिलात, दारं-खिडक्या ओढून, पंखा बंद. टेबलावर औषधाची छोटी बाटली, तिच्यात काडीएवढ्या देठावरचं एक रानफूल, आणि त्याच्या नाकाशी टेकलेला कॅमेरा.

"हल्लू बस. खुर्ची ओढू नको."

"मामा, मरते मी गरमीनं."

"मर, पण हलू नको."

हा त्यांचा पाहुणचार. चहा हवा तर आपणच करून घ्यायचा, तोही फोटो संपल्यावर. फूल इतक्या जवळून घेतलं की कॅमेऱ्याला त्याचा केसाएवढाच थर स्पष्ट दिसतो. पुढची पाकळी नीट आली की मागची धूसर, आणि आतला पराग तर नुसता धूर. मामा कॅमेऱ्याखालचा स्क्रू जेमतेम फिरवायचे, एक फोटो घ्यायचे, परत जेमतेम फिरवायचे, परत एक. मग कॉम्प्युटरवर ते सगळे फोटो एकावर एक ठेवून प्रत्येकातला फक्त स्पष्ट भाग राखायचे. मधे कुणी जोरात श्वास सोडला, फूल शहारलं, की सगळं पहिल्यापासून. असं तयार झालेलं कंबरमोडीचं फूल मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खुर्ची पडद्याशी ओढून घेतली. रस्त्याकडेला आपण तुडवतो ते फूल एक नसतंच. मधल्या पिवळ्या टिकलीत पाच-पाच पाकळ्यांची कितीतरी इवली फुलं दाटीने उभी असतात. "बघ लीडर," मामा म्हणाले, "तुझा मोर्चा." मी आंदोलनांत पत्रकं वाटत फिरते म्हणून त्यांनी मला दिलेलं हे नाव.

"पण हे खोटंच झालं ना? असं फूल कुणी एका नजरेत पाहिलेलंच नाही."

"मी पाहिलंय. सगळं पाहिलंय. एकदम नाही पाहिलं, एवढंच."

फुलामागचा तो काळा रंग कॉम्प्युटरमधला नव्हता. तो आजोबांचा वकिलीचा कोट होता. कोपरांवर विरलेला, पाठीला मात्र अजून गर्द. मामा तो खुर्चीच्या पाठीला अडकवायचे आणि त्याच्यापुढे बाटली ठेवायचे. कोटाचा एखादा धागा फोटोत आला तर संध्याकाळभर बसून तो पुसायचे.

फुलं यायची कुठून? इमारतीच्या मागे, भिंत आणि ड्रेनेजचा पाइप यांच्यामध्ये मातीची एक अरुंद पट्टी होती, तिथून. पावसाळ्यात केना, एरवी कंबरमोडी, दुधी, असलं रानटी तण. मामांचे गुडघे गेले होते, बस चढणं जमत नव्हतं. जिना धरून खाली उतरायचं आणि त्या पट्टीपर्यंत जायचं, एवढंच त्यांचं जग उरलं होतं. कमिटीने ठरवलं की ही घाण आहे, डास होतात, सिमेंट टाकून स्कूटरी लावू. मी पेटून उठले. पेटून उठणं मला येतं. मामांनी काढलेले फोटो घेतले, त्यांचं पत्रक केलं आणि सोसायटीच्या बैठकीत प्रत्येकाच्या हातात ठेवलं : हे तुमच्या घरामागे उगवतं, हे तुम्ही गाडणार आहात.

लोकांनी फोटो अगदी मनापासून पाहिले. मग सेक्रेटरी म्हणाले, "बहोत खूबसूरत है अम्मा. मगर ये अपने इधर का नहीं दिखरा. ऊटी का है क्या?"

"पीछे का है अंकल. पाइप के बाजू का."

"नक्को बोलो. उधर तो पिच्चि मोक्कलु हैं खाली." तेलुगूत तणाला म्हणतात तसं, वेडी झाडं. सगळे हसले. कुणी म्हणालं, नेटवरून उचलले असतील. मी मामांकडे पाहिलं. त्यांनी बोलायला हवं होतं. पण ते हातातल्या पत्रकाकडे बघत होते, आणि त्यांना ते माझ्याआधी कळलं असावं. भिंत नाही, पाइप नाही, माती नाही. कोटाने सगळा पत्ताच पुसून टाकला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा कॅमेरा घेऊन खाली बसले. कोट वर ठेवून. भिंतीसकट, पाइपासकट फूल घ्यायचं, म्हणजे कुणी ऊटी म्हणणार नाही. पण उघड्यावर वारा होता. एक फोटो घेतला की फूल हले, दुसरा जुळेना. जुळवलं तर एका फुलाची तीन भुतं दिसायची. वरच्या मजल्यांवरची माणसं कामाला निघाली, स्कूटरी काढताना म्हाताऱ्याला वळसा घालून गेली. "क्या अंकल, कुछ गिर गया?" एवढं एकाने विचारलं. मामा रोज बसत होते, सिमेंटचा मिक्सर दारात येईपर्यंत. तो जुळलेला फोटो काही झाला नाही.

त्यानंतर ते खाली उतरलेच नाहीत. मी हिमायतनगरहून येताना फुटपाथच्या कडेचं फूल ओल्या रुमालात गुंडाळून न्यायची. ते बाटलीत ठेवायचे, स्क्रू फिरवायचे. शेवटच्या भेटीत मी म्हटलं, निदान आता तरी पंखा लावू. म्हणाले, "लाव. फूल हलतंय ते बघत बसू मग." मी लावला नाही.

आता लोक मला त्यांच्याबद्दल सांग म्हणतात. काय सांगू? माझ्याकडे त्यांचा एक केसाएवढा थर स्पष्ट आहे. ते कचेरीत कसे होते, तरुणपणी कुणासाठी थांबले होते का, आजोबांचा कोट त्यांनीच का ठेवला... हे सगळं धूर. बाकीचे फोटो दुसऱ्या कुणाकडे असायला हवेत, तर ते जोडता येतील. दुसरं कुणी नाही. आईसुद्धा म्हणते, दादा मला कधी नीट कळलाच नाही.

तेराव्यानंतर मी किल्ली घेऊन खोलीवर गेले. भेटायला येऊन गेलेल्यांनी पंखा पाचावर ठेवला होता. मी बंद केला. सवयीने आणलेली कंबरमोडी बाटलीत ठेवली, कोट खुर्चीला अडकवला. दार उघडं बघून सेक्रेटरी आत आले. मामा चांगले होते म्हणाले, पत्रकातला तो फुलाचा फोटो तर काय, फ्रेम करून जिन्याजवळ लावायचा विचार आहे म्हणाले. मान टिपत त्यांनी वर बघितलं.

"फॅन खराब है क्या अम्मा?"

"नहीं अंकल. हल्लू बैठिए."

ते बसले. घाम गळेपर्यंत बसले, हे मी त्यांच्या बाजूने लिहून ठेवते. टेबलावरच्या फुलाकडे बोट करून विचारलं, ये कहाँ का? मी म्हटलं, फ्रेमवाला फूल आपके घर के पीछे का था, पाइप के बाजू का. ये रोड का है.  ते उठले आणि जाताना त्यांनी दार हळू ओढून घेतलं.

मी श्वास धरून बसले होते. कोटापुढे कंबरमोडी जराही हलत नव्हती. फोटो घ्यायला अगदी योग्य होती.