ताईबाईची एकच चूक

शिरपूरजवळच्या त्या गावात ताईबाईनं तीस वर्षं बाळंतपणं केली. पोटावर हात ठेवला की बाळाचं डोकं कुठे, पाय कुठे, ती सांगायची. तिचं सांगणं चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

१९८७ च्या दिवाळीनंतर सुगंधाबाईनं तिला सुनेसाठी बोलावलं. कुंदाला सातवा सरला होता. पहिलटकरीण माहेरी जाते. पण कापसाची वेचणी चालू होती, म्हणून तिला धाडलं नव्हतं.

"पडनी ती," सुगंधाबाई दारातूनच म्हणाली. "खाले देखीसनी चालस नही. जरा तेल लाव."

ताईबाईनं लुगडं बाजूला केलं. बरगडीखाली काळंनिळं झालं होतं. पडलेल्या बाईला तिथे असं लागत नाही. सासू चहा ठेवायला आत गेली, तशी कुंदा छताकडे बघत म्हणाली, "अक्का, पहिले पाठवर मारेत. आते पोटवर लाथ मारतस."

ताईबाईनं पोट चाचपलं. डोकं खाली होतं. बाळ सरळ होतं, हलतही होतं. तिनं हात तसाच ठेवला. वेचणी संपायला अजून दीड-दोन महिने होते.

मग ती बाहेर आली. ओट्यावर सासरा रतिलाल नाना आणि नवरा अभिमन बसले होते.

"पोर आडं शे, नाना. आठे, या घरमा, बाळतपण व्हवाव नही."

अभिमन हसला. "डाक्टर शे का तू?"

"तुले बी मीच काढेल शे. पायाळू व्हता. तवय कोनी हसनं नही."

नानांनी अभिमनला हातानं थांबवलं. बाळंतीण घरात दगावली तर पंचक्रोशीत नाव जाईल.

"तिना बापले निरोप धाडा," ते म्हणाले. "लई जावो. जे व्हवानं ते तिना मायना घर व्हवो."

तिसऱ्या दिवशी कुंदाचा बाप चाळीसगावहून आला आणि तिला एसटीनं घेऊन गेला. अभिमन घराबाहेर आला नाही.

पौषात निरोप आला. मुलगी झाली. घरीच, दोन तासांत, सुखरूप.

"आडं म्हने!" सुगंधाबाईनं गल्लीभर सांगितलं. "ताईबाईना हात गया आते."

बोलावणी कमी झाली. मग थांबलीच. लोक शिरपूरची नर्स आणू लागले. ताईबाईला खरं सांगता आलं असतं. पण कुंदानं घरातलं बाहेर सांगितलं, हे त्यातून उघड झालं असतं. सासरचे तिला आणायला दोनदा जाऊन आले होते. उद्या तिला इथेच यावं लागलं तर?

चैत्रात हापशावर सुगंधाबाईनं तिला चारचौघींत गाठलं.

"काय ताईबाई, आडं पोर वाटमा सरय कसं व्हयनं?"

"मनी चूक व्हयनी, बहीण. वय व्हयनं."

बाया हसल्या. ताईबाईनं हसू ओसरू दिलं. मग सहज विचारावं तसं विचारलं, "कुंदा कवय येस?"

"तिना बाप धाडत नही," सुगंधाबाई फणकारली. "म्हणस, पोरगी अजून कमजोर शे."

ताईबाईपुढे अजून दोन बाया होत्या. रिकामा हंडा कमरेवर घेऊन ती नंबराची वाट बघत उभी राहिली.