एका नळीतलं विष

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही — नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. पण परवा मी इतकी खूश झाले, इतकी हसले, की घरी आल्यावर माझी मलाच लाज वाटली. म्हणून तुम्हाला सांगते.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळते. वलगावची वैशाली तिथे पीएचडी करायला आली. विषय मोठा भारी. जिवाणू मेले तरी त्यांच्या अंगातलं विष उरतं. ते थेंब-थेंब रक्तात झिरपत राहिलं तर ताप येत नाही, काही कळत नाही — पण रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सदा खवळलेल्या राहतात. दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकणारं कुत्रं चोर आल्यावर थकून पडून राहतं ना, तसं. तुलनेसाठी तिला धडधाकट माणसांचं रक्त हवं होतं. मी लगेच बाही वर केली. धडधाकट म्हणजे कोण? मीच की!

फॉर्मवर प्रश्न होता — तंबाखू? गुडाखू? हिरड्यांतून रक्त? मी ठोकून दिलं : नाही.

आता ऐका. गुडाखू, ती तंबाखू-गुळाची काळी लुगदी, मी लग्नाआधीपासून रोज दोनदा हिरड्यांना घासत होते. न्हाणीघराचं दार लावून, नळ सोडून. थुंकलं की लाल! आणि मोहल्ल्यातल्या बायांना तंबाखू सोडा म्हणून भाषण कोण ठोकायचं? हीच बाई. मग 'हो' कोणत्या तोंडानं लिहिणार?

दर महिन्याला सगळ्यांचं रक्त घ्यायचं; नळ्यांवर नंबर मीच चिकटवायचे, दर वेळी नवे. नावं वैशालीला कळू द्यायची नव्हती. आणि दर महिन्याला एका नळीत विष निघायचंच. कोणाची, ते मला ठाऊक होतं — रक्ताळलेल्या हिरड्यांतूनच तर ते विष रक्तात उतरतं. सगळ्यांचे फॉर्म तर स्वच्छ — मग तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, वैशालीच्या हाताळणीतच घाण आहे. तीन महिन्यांत सुधारलं नाही तर विषय सोडायचा. पोरगी रडकुंडीला आली. नळ्या दुप्पट तापवल्या, हात घासून-घासून सोलून काढले. एकदा मला म्हणाली, "ताई, माह्याच हातानं होऊन राह्यलं का वो?"

तेव्हा सांगता आलं नसतं का? मी काय म्हटलं माहीत आहे?

"तुह्याच हातानं होत असन. अजून नीट धुत जाय."

हो — असंच म्हटलं मी.

मग मात्र घाबरले. बहिणीकडे जाते सांगून अकोल्याला गेले — अमरावतीत कोणी पाहिलं तर? — हिरड्यांवर इलाज केला, गुडाखू सोडली. दुसऱ्या महिन्यात सगळ्या नळ्या स्वच्छ! वैशाली नाचलीच, मला गच्च मिठी मारली. मीही नाचले. खरंच आनंद झाला होता हो.

परवा तिच्या डॉक्टरेटचं जेवण होतं, वलगावला. रोडगे, वांग्याची भाजी, अख्खं गाव हसतंय. आता ती स्वतः पोरांना शिकवते. सगळ्यांसमोर म्हणाली, "सुरुवातीले मी लई निष्काळजी होती. पोरांले मी हेच सांगतो. ताईनं टोकलं म्हणून सुधरली." आणि माझ्या पाया पडली.

मी तोंडभर आशीर्वाद दिला, तिसरा रोडगाही मागून घेतला. तिच्या हातात काही खोट नव्हती, हे मला पहिल्या महिन्यापासून माहीत होतं.