मेश्राम बाईंचं सील

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. कधी सांगावंसं वाटलं की विषय बदलायचो. आज जसं घडलं तसं सांगतो. ऐकून माझी किळस येईल तुम्हाला. येऊ द्या. मलाही येते.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. पुण्याजवळ भोसरीत आमची बारा-पंधरा माणसांची कंपनी होती. भट्ट्यांचं तापमान दाखवणारी उपकरणं बनवायची. सर्किटं माझी. तत्त्व सोपं — भट्टीत प्लॅटिनमची बारीक तार बसवायची, ती तापली की तिचा विजेला होणारा रोध वाढतो, तो मोजून तापमान काढायचं. तयार झालेला प्रत्येक नग मेश्राम बाई तपासायच्या. चंद्रपूरकडच्या, डिप्लोमा झालेल्या, माझ्याच वयाच्या. टेबलावर आकडा बरोबर आला की आकडा जुळवायच्या आतल्या छोट्या स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा थेंब ठेवायच्या. ते त्यांचं सील — कोणी स्क्रू फिरवला तर कळावं म्हणून.

तेव्हा बाहेरच्या मोटारकंपन्या इकडे यायला लागल्या होत्या. त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या चाकणच्या एका कारखान्याने रंग भाजायच्या भट्ट्यांसाठी आमची उपकरणं मागवली. नग पाठवायच्या आधी बाई माझ्या टेबलापाशी आल्या.

"सर, भट्टीपासून पॅनेलपर्यंत वायर किती लांब राहील?"

"असेल तीस-चाळीस मीटर. का?"

"त्या वायरचाही रोध मोजला जाईल ना. तिसरी वायर टाकली तर तो वजा करता येतो."

बरोबर होतं. मला ठाऊक नव्हतं का? होतं की — कॉलेजात शिकलो होतो, घाईत विसरलो होतो. पण डिप्लोमावालीने मला आठवण करून द्यावी? मी म्हणालो, "मॅडम, आपण तपासायचं काम करा. डिझाइन माझ्याकडे राहू द्या."

महिनाभरात तक्रार आली. आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसत होता. भट्टी प्रत्यक्षात कमी तापत होती आणि पत्र्यावरचा रंग नखाने निघत होता. एक नग परत आला. आमचे मालक — साहेब म्हणायचो आम्ही — म्हणाले, जेवणानंतर तिघं मिळून बघू.

जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले. आणि मी — कसं सांगू? — मी तो नग उघडला. टेबलावर हातभर वायरीला लावला की तो अचूक आकडा दाखवणार होता, म्हणजे चूक वायरची, म्हणजे माझी, हे उघडं पडणार होतं. मी लाल थेंब खरवडला. स्क्रू अर्धा वेढा फिरवला. मग बाईंच्या ड्रॉवरमधून त्यांचीच बाटली काढली, नवा थेंब ठेवला आणि तो लवकर वाळावा म्हणून फुंकर मारत बसलो. फुंकर! तोंडाचा चंबू करून!

साहेबांसमोर आकडा सात अंशांनी जास्त आला. बाईंनी नग उजेडाकडे धरला.

"साहेब, हे माझं सील नाही."

"मग कोणाचं? भुताचं?" हे मी म्हणालो. साहेब हसले.

बाई बाहेर गेल्यावर ते म्हणाले, "कोट्यातून पास झालेल्यांकडून आणखी काय होणार?" बाई बौद्ध घरातल्या, हे त्यांनी आडनावावरूनच ताडलेलं. त्यावर मी काय केलं? मान डोलावली. सोयीचं होतं म्हणून — असं म्हणून सुटता येत नाही मला. मनातून ते पटलंही होतं. नाहीतर त्यांच्या साध्या प्रश्नाचा एवढा राग का यावा?

त्याच शनिवारी त्यांना काढलं. डबा पिशवीत घालून त्या माझ्यापाशी आल्या. रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत.

"सर, तिसरी वायर टाका. नाहीतर बाकीचेही नग परत येतील."

मी टाकली. नग चालले. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली, पेढे आणले. मी खाल्ले — एक नाही, दोन.

पुढे सॉफ्टवेअरची लाट आली, मी कंपनी बदलली. मुलाखतीत विचारलं — तुम्ही सोडवलेला एखादा अवघड प्रश्न सांगा. मी तिसऱ्या वायरची हकीकत सांगितली. शोध माझा, आणि चवीला एक निष्काळजी टेक्निशियन बाई. नोकरी लागली. नंतर नव्याने भरती झालेल्या पोरांना शिकवताना तीच हकीकत, वर्षानुवर्षं. बाईंना दुसरी नोकरी मिळाली का, त्या पुण्यात राहिल्या का परत गेल्या — मी कधी कोणाला विचारलं नाही.

मागच्या महिन्यातही सांगितली. छान रंगली.